दूरच्या खोलीत वायफाय पोहोचत नसेल, तर सहा अँटेनांचा राउटर घ्यावा का?

आपण लिहिले आहे की राउटर दर्शनी खोलीत आहे, मध्ये दोन भिंती आहेत, शेवटच्या खोलीत व्हिडिओ अडखळतो आणि म्हणून सहा अँटेनांचा, खोक्यावर ‘एएक्स ३०००’ छापलेला राउटर घेण्याचा विचार आहे. माझ्या मते केवळ एवढ्यासाठी तो घेऊ नये.

त्या ३००० या आकड्याचा अंतराशी काहीही संबंध नाही. राउटर दोन रेडिओ-पट्ट्यांवर चालतो; ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील २४०२ आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील ५७४ मेगाबिट प्रतिसेकंद ही वेगाची दोन कमाल मूल्ये मिळवून आणि बेरीज ढोबळ करून तो काढलेला असतो आणि आपला फोन सहसा एका वेळी त्यांपैकी एकच पट्टा वापरतो. अँटेना वाढल्याने थोडा फायदा होतो, हे खरे. परंतु राउटरने किती शक्तीने प्रक्षेपण करावे यावर सरकारी नियमांची मर्यादा असते आणि राउटर कितीही मोठ्याने बोलला, तरी छोट्या बॅटरीवर चालणाऱ्या फोनचे उत्तर त्याला परत ऐकू यावे लागते.

खरेदीपूर्वी जागा बदलून पाहावी. माझा राउटर टीव्हीच्या मागे, कपाटाच्या बंद कप्प्यात होता. लांब वायर घेऊन तो मोकळ्या जागी, उंचावर ठेवल्यावर नव्या राउटरचा विषयच मागे पडला. (कप्पा दिसायला नीटनेटका होता, एवढाच त्याचा गुण.) धातूचे कपाट, मोठा आरसा, फ्रिज आणि पाण्याची टाकी यांच्याआड राउटर ठेवू नये. त्यानंतर शेवटच्या खोलीत फोन मुद्दाम २.४ गिगाहर्ट्झवर जोडून पाहावा, कारण ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक असला, तरी भिंती ओलांडताना तो लवकर क्षीण होतो. सिग्नल मोजणारे अॅप उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला) आसपास आकडा दाखवत असेल, तर अडचण बहुधा अंतराची नसून शेजारच्या वायफायच्या गर्दीची आहे. अशा वेळी २.४ च्या पट्ट्यावर १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळे चॅनेल (पट्ट्याचा एक भाग) राउटरच्या सेटिंगमध्ये निवडावे. आकडा उणे ८० च्या खाली गेला, तर मात्र त्या बाजूला दुसरे उपकरण लागेलच.

ते उपकरण वायरने जोडता आले, तर त्याहून चांगला उपाय मला माहीत नाही. ‘कॅट ५ई’ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग देते आणि पडून असलेला जुना राउटरही अॅक्सेस पॉइंट (वायरने आलेले इंटरनेट वायफायवर देणारे उपकरण) म्हणून चालतो. फक्त त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे, त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळखक्रमांक) द्यावा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणे जोडण्याच्या खाचेत) लावावी. वायर टाकणे अशक्य असल्यास मेश संच (एकाच वायफायसाठी एकमेकांशी जोडून काम करणारी दोन-तीन उपकरणे) घ्यावा, पण त्याचा दुसरा नग सिग्नल नसलेल्या खोलीत न ठेवता वाटेत, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे ठेवावा. ही चूक फार जण करतात. स्वस्त रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारे उपकरण) एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुढे पाठवतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. म्हणून तो मी शेवटचा पर्याय मानतो.

एवढे करूनही मुख्य राउटर बदलायचाच असेल, तर वायफाय ६ (खोक्यावरील ‘एएक्स’ म्हणजे हेच), सर्व पोर्ट गिगाबिट, डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षापद्धत) आणि पुढे मेशमध्ये जोडण्याची सोय एवढे पाहावे. अँटेना मोजू नयेत.