‘यंदा वेतनवाढ नाही’ असं पत्र येतं तेव्हा

"पगारवाढ थांबवली, म्हणजे आता मला काढणार का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे बहुतेक पंचेचाळिशी ओलांडलेले असतात. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात सुपरवायझर असलेले एक गृहस्थ असेच आले (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). एकाच कंपनीत, एकाच पदावर 19 वर्षं.

पिशवीतून त्यांनी पत्र काढलं. इतक्या वेळा उघडलेलं की घडीवर फाटायला आलं होतं. मजकूर दोन ओळींचा: आपलं वेतन पदाच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त असल्याने यंदा वेतनवाढ नाही, 24,000 रुपये एकरकमी मिळतील.

"मॅडम, मी शिकवलेल्या पोरांना वाढ मिळाली. मला नाही. घरी अजून सांगितलं नाही. पत्र यायचंय म्हणालो."

"कामाबद्दल साहेब काही बोलले?"

"नाही. रेटिंग चांगलंच आहे."

मग मी त्यांना बँड समजावला. प्रत्येक पदाला किमान आणि कमाल पगार ठरलेला असतो. त्याच पदावर वर्षानुवर्षं वाढ घेत गेलेला माणूस कधीतरी वरच्या टोकाला लागतो, ते ओलांडतोही. नवी पोरं खालच्या टोकाला असतात, म्हणून त्यांची टक्केवारी मोठी दिसते. पगार पदाच्या कमाल मर्यादेवर गेला की एचआरमध्ये त्याला ‘रेड सर्कल’ म्हणतात. नाव ऐकूनच शिक्षा वाटते, पण ती मर्यादा पदाची आहे. त्यांच्या कामाला कुणी नापास केलेलं नव्हतं.

एवढं सांगून थांबणं मला पटत नाही. त्यांचं दुखणं नुसतं मनाचं नव्हतंच. मी कागद पुढे ओढला. 24,000 म्हणजे यंदापुरते महिन्याला 2,000. तेच 2,000 बेसिकमध्ये आले असते तर? त्यांच्या कंपनीत पूर्ण बेसिकवर पीएफ जातो, म्हणजे कंपनीचे 12 टक्के, दरमहा 240 रुपये जास्त. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर: 2,000 गुणिले 15 (दिवस) भागिले 26 (महिन्याचे कामाचे दिवस) गुणिले 19 (वर्षं), साधारण 21,900 रुपये. पुढची प्रत्येक वाढही त्या वाढलेल्या बेसिकवर. एकरकमी पैशाने यातलं काहीच होत नाही.

ते आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे मी उगाच कुरकुर करत नव्हतो."

पत्राच्या पाठीमागे त्यांनी स्वतःच्या हाताने एचआरला विचारायचे प्रश्न लिहून घेतले. बँड शेवटचा कधी बदलला? एकरकमी रक्कम दरवर्षी की एकदाच? वरच्या पदाला काय लागतं?

उत्तरं मिळाली. बँड तीन वर्षांत बदललेला नाही, एप्रिलमध्ये विचार होईल. रकमेची हमी नाही. वरच्या पदाला इंटर्नल ऑडिटचं प्रशिक्षण लागतं. त्यांनी नाव दिलंय. एवढंच. राग अजून आहे, आणि तो रास्त आहे असं मी त्यांना सांगितलं. 19 वर्षं राबलेल्या माणसाला समोर बसवून हे सांगायला पंधरा मिनिटं लागली असती. ती कंपनीने द्यायलाच हवी होती.

एचआरकडून आले त्याच रात्री त्यांनी हिशेबाचा कागद बायकोपुढे ठेवला. तिने आकडे नंतर वाचले. आधी म्हणाली, "म्हणून जेवण जात नव्हतं होय तुम्हाला?"