आलेख १९७२ पासूनच का सुरू केलास?

वाई

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख सावकाश पाहिला. सातारा जिल्ह्याचा पाऊस वाढत चाललाय, असं त्यावरून तुझं म्हणणं. हवामानावर तावातावानं बोलणारे गल्लोगल्ली सापडतात, बसून बेरजा करणारी पोरं कमी. म्हणून थोडं परखड लिहितो, वाईट वाटून घेऊ नकोस.

१९७२ हे दुष्काळाचं साल. आजीला विचार, सुकडी आणि खडी फोडण्याची कामं, सगळं सांगेल. तिथून मोजायला लागलीस तर रेघ वर चढणारच. आणि शेवट कुठे केलास? २०१९ वर, कृष्णेच्या महापुराच्या वर्षावर! मुद्दाम केलं नसशील, आकडे जेवढे हाती लागले तेवढे घेतलेस. पण सुरुवातीचं साल पाच-पाच वर्षं मागेपुढे सरकवून बघ. तेवढ्यानं रेघ खाली वळत असेल तर तिच्या भरवशावर काही बोलू नये.

दुसरं, ‘जिल्ह्याची सरासरी’ हा आकडा मला कधीच पटलेला नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. पसरणीचा घाट उतरून आमच्या वाईत आलं की त्याचा एक लहानसा हिस्सा उरतो, आणि तुमच्या माण तालुक्यात म्हसवडकडे पाचशेच्या आतबाहेर. ढग घाटमाथ्यावर चढताना रिकामे होतात, पलीकडे उतरणारी हवा कोरडी. या सगळ्यांची मिळून सरासरी काढलीस तर तो पाऊस जिल्ह्यातल्या कुठल्याच गावात पडत नाही. पुण्याच्या हवामान खात्याकडे १९०१ पासूनची रोजच्या पावसाची चौकोनवार माहिती आहे, ती जरूर वापर. पण एक चौकोन साधारण पंचवीस किलोमीटरचा असतो. घाटाजवळ माथा आणि पायथा एकाच चौकोनात येऊ शकतात, हे ध्यानात ठेव.

तू फक्त जून ते सप्टेंबरची बेरीज घेतलीस. कोकणासाठी ठीक आहे. माणात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभा राहतो तो उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या पावसावर, आणि हस्त लागतो सप्टेंबरअखेरीस, संपतो ऑक्टोबरात. तीस तारखेला बेरीज बंद केलीस की हस्ताचा, म्हणजे हत्तीचा, पाऊस बहुतेक हिशेबाबाहेर. दहिवडीच्या शेतकऱ्याला हा आलेख दाखव, तो हसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक्सेलमध्ये किती दिवसांपुढे शून्य आहे, आणि त्यातले किती खरे? पाऊस पडला नाही ते शून्य. मापक तुंबला, माणूस रजेवर गेला, पान हरवलं, तिथे रकाना कोराच ठेवायचा. कोऱ्या रकान्यात शून्य भरलं की न पडलेला दुष्काळ तयार होतो. कुठल्याही नोंदवहीत मी आधी हेच तपासतो. तारखेचंही तसंच. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आधीच्या चोवीस तासांचा, आणि मोजल्या दिवसाच्या नावावर लिहितात. तुझ्या अंगणात काल संध्याकाळी कोसळलेला वळीव सरकारी वहीत आजच्या तारखेला दिसेल.

स्वतःचा मापक जरूर बसव. सरळ कडांचा डबा आणि मोजपट्टी पुरे. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. गच्चीवर मात्र नको, तिथे वारा थेंब उडवून नेतो. झाड वा भिंत जितकी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतरावर ठेव. तापमापक पत्र्याखाली टांगू नकोस. झडपांची पांढरी लाकडी पेटी हवी, दार उत्तरेला, म्हणजे उघडताना ऊन आत पडत नाही.

पुढे शिकायचं असेल तर आधी तापमान घे. माणातला पाऊस मुळातच इतका लहरी की त्यातून बदल ओळखायला तीस वर्षंही अपुरी पडतात. तापमान वर्षावर्षाला एवढं उड्या मारत नाही. गाय कॅलेंडर नावाचा इंग्रज वाफेच्या यंत्रांचा इंजिनिअर होता, हवामानखात्यातला नव्हे. त्यानं १९३८ मध्ये जगभरातल्या १४७ ठिकाणांच्या जुन्या नोंदी गोळा करून, हातानं हिशेब करून दाखवलं की जमिनीवरची हवा तापतेय, आणि त्याचा संबंध कोळसा जाळण्याशी जोडला. तज्ज्ञांनी फारसं मनावर घेतलं नाही. बरं, ही ऊब माणसाच्या फायद्याचीच ठरेल असं खुद्द त्याला वाटत होतं! आकडे बरोबर, अंदाज चुकला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, म्हणून मला तो आवडतो.

आलेख फक्त माण तालुक्याचा करून, ऑक्टोबर धरून पुन्हा पाठव. सोबत कोऱ्या दिवसांची यादी हवी, आणि नोंद कोण घेत होतं हे कळलं तर तेही लिही. पावसाचं केंद्र मधल्या काळात हलवलं होतं का, हे तहसील कचेरीतल्या एखाद्या जुन्या कारकुनाला विचार. संगणकावर ते मिळायचं नाही.

तुझा,
सर