हिरडीतून रक्त येतं, ब्रश बंद करू का?

प्रश्न: डॉक्टर, ब्रश केला की बेसिनमध्ये लाल थुंकी दिसते म्हणून आठ दिवसांपासून बोटानंच मंजन लावतोय. घरचे म्हणतात क्लिनिंग केलं की दात हलतात. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) पण सुटत नाही. (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर: अहो दादा, ब्रश सोडू नका, मऊ घ्या अन् हिरडीच्या कडेनं दिवसातून दोनदा हळू फिरवा, तिथे जंतूंचा थर साचला की हिरडी सुजते अन् रक्त येतं. हाच थर कडक होऊन झालेलं दगडासारखं टार्टर निघालं की आधीचीच फट जिभेला लागते, दात हलले असं वाटतं, म्हणून लोक स्केलिंगला, म्हणजे क्लिनिंगला, नावं ठेवतात. नुसती सूज बरी होते हो, पण दाताभोवतीचं हाड झिजलं तर कठीण. अन् खर्रा तर लबाड, तंबाखूतल्या निकोटीननं रक्त कमी दिसू शकतं, माणूस खूश! शुगर वाढली तरी हिरड्या बिघडतात, म्हणून तीही तपासा, अन् मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या सरकारी डेंटल कॉलेजात दाखवून या.