ज्या योगशिक्षकांनी सावरलं त्यांनीच दुखावलं, तर शिकवायला लागण्याआधी त्यांना माफ करावंच लागतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की ज्या सरांनी तुम्हाला नैराश्यातून बाहेर काढलं त्यांनीच नंतर चारचौघांत अपमान केला, आणि आता स्वतःचा क्लास काढायचाय पण मनात राग घेऊन शिकवलं तर ते खोटं ठरेल का. वाचून राहवलं नाही.

२०१२ ला कसारा घाटात आमची गाडी उलटली. मिस्टर जागच्या जागी गेले. मी पाऊण तास आत अडकलेले आणि तेवढा वेळ इंडिकेटर चालू होता, टिक टिक टिक. पुढे कुणीतरी नाशिकला गंगापूर रोडच्या एका योगाच्या क्लासला नेलं. आसनं व्हायची, शवासनात डोळे मिटले की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं आणि घाम फुटायचा, एकदा तर चपला तिथेच टाकून पळाले. सरांनी एवढंच विचारलं, "काय ऐकू येतं?" मी सांगितलं. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी सर प्लास्टिकच्या स्टुलावर चढले, घड्याळाचा सेल काढला, झब्ब्याच्या खिशात टाकला आणि क्लास सुरू केला. मग दोन वर्षं त्या हॉलमध्ये कायम सहा पन्नास. मला म्हणाले कुशीवर झोपा, डोळे उघडे ठेवा, श्वास घेण्याकडे बघू नका, सोडताना लांबवा फक्त. मी जगले ती त्यामुळे, हे कुणाहीसमोर सांगेन.

आणि २१ जून २०१५, पहिला योग दिन. स्टेज, माइक, हॉल भरलेला. सर म्हणाले, या ताई, उठा जरा. आणि सगळं सांगितलं. मिस्टर, इंडिकेटर, घड्याळाचा सेल, सगळं. टाळ्या पडल्या आणि मी हात जोडून उभी. मुलगा नुकताच दहावीत गेलेला, माझ्या शेजारीच बसला होता. त्याला इंडिकेटरचं मी कधीच सांगितलं नव्हतं, त्याला ते माइकवरून कळलं. सरांना म्हटलं हे बरोबर नाही केलंत, तर म्हणाले, "चार जणांना प्रेरणा मिळेल, चुकलं काय?" मी क्लास सोडला.

आमच्या एक गुरुभगिनी तेव्हापासून ऐकवतात की गुरूचे दोष बघू नयेत. दाखला योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींचा, की त्यांचे गुरू कृष्णमाचार्यांनी तयारी नसताना हनुमानासन, म्हणजे पाय पुढे-मागे पूर्ण फाकवून बसायचं आसन, करायला लावलं, मांडीमागचे स्नायू फाटले, तरी गुरुजींनी आयुष्यभर आदरच ठेवला. अहो पण हे आपल्याला कळलं कुठून? गुरुजींनीच सांगितलं ना! आदरही ठेवला आणि झालं तेही बोलले. मग मी बोलले तर ती निंदा कशी?

पतंजलींनी योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता म्हणजे आनंद, यांच्या पंक्तीला उपेक्षा बसवलीय, ती अपुण्यासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या वाईट वागण्यासाठी. आपल्याकडे उपेक्षा म्हणजे हेळसांड समजतात, तसं नाही ते. समोरच्याच्या चुकीमागे आपलं चित्त फरफटत जाऊ द्यायचं नाही, एवढंच. पाया पडायला परत जा असं त्यात कुठेही नाही.

सरांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिस झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मी दर गुरुवारी जाते, त्यांची मिटलेली बोटं एकेक करून उघडते. माफी त्यांनी मागितली नव्हती, आता मागता येणार नाही. याला माफ करणं म्हणायचं तर म्हणा.

तुमचं विचाराल तर क्लास काढा, माफी हे काही सर्टिफिकेट नाही. विचारल्याशिवाय अंगाला हात लावू नका, घाबरलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कपालभाती देऊ नका, आणि कुणी काही सांगितलं तर ते तुमच्याजवळच राहू द्या. इंदिरानगरच्या माझ्या क्लासमध्ये घड्याळच नाही.

हो, तुमच्या सरांनी अंगाशी काही केलं असेल तर वरचं सगळं विसरा, सरळ तक्रार करा. आणि गोळ्या चालू असतील तर कुठल्याही योगशिक्षकाच्या सांगण्यावरून बंद करू नका. २०१४ मध्ये अमेरिकेत ६४ बायकांवरचा अभ्यास आला, मानसिक आघातानंतरच्या आजारात (पीटीएसडी) दहा आठवड्यांच्या योगाने चांगला फरक पडला, पण तो उपचारांच्या जोडीला होता. मीही दीड वर्ष गोळ्या घेतल्यात.

आणि गुरुभगिनी ताई, तुम्ही हे वाचत असाल तर एकदा माझ्या मुलाला विचारा त्या दिवशी त्याला काय वाटलं, आणि मग मला सांगा दोष बघू नको म्हणून.