सिझरच्या बाळाच्या पोटात चांगले बॅक्टेरिया येतच नाहीत का? ड्रॉप्स द्यावेत का?

शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी सिझर सांगितलंय, मग बाळाच्या पोटात चांगले बॅक्टेरिया येणारच नाहीत का आणि जन्मल्या जन्मल्या प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या बॅक्टेरियांचे, ड्रॉप्स सुरू करायचे का, असं विचारलंय तुम्ही. येतात हो, न येऊन जातील कुठे. जरा वेगळे येतात आणि काही उशिरा येतात. मी वाशीला पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीला आहे, दिवसभर कल्चरच्या प्लेटा बघते, आणि माझी लेक सिझरची, त्यामुळे प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

२०१९ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आला, जवळजवळ ६०० बाळांची शी तपासलेली. नॉर्मलच्या बाळांत आईच्या आतड्यातून आलेले बॅक्टेरॉइड्स वगैरे छान रुजलेले, सिझरच्यांत ते कमी आणि एन्टरोकॉकस, क्लेबसिएला असले हॉस्पिटलात वावरणारे जास्त. एवढंच व्हॉट्सॲपवर फिरतं. पुढचं कोणी फॉरवर्ड करत नाही, की सहा ते नऊ महिन्यांत फरक बराचसा बुजला, बॅक्टेरॉइड्स तेवढे मागे राहिले. शिवाय सिझरला चिरा द्यायच्या आधी आईला अँटिबायोटिक देतात त्याचाही यात हात असतोच. म्हणून ते नको म्हणायला जाऊ नका, टाक्यात पू झाला तर बाळाला घ्यायलाही उठता येणार नाही.

आता माझं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं म्हणून माझं बाळंतपण सासरीच, ठाण्याला चरईत. मोठ्या जाऊबाईंच्या दोन्ही नॉर्मल, त्यामुळे त्या घरात बाळंतपणाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. पावसाळा, लंगोट पंख्याखाली दोरीवर वाळत घातलेले, आणि जाऊबाईंनी एक भरलेला लंगोट खिडकीपाशी उजेडात नेऊन सगळ्यांना दाखवला, बघा, शी फाटलेली, सिझरच्या पोरांचं पोट असंच, काही धरून ठेवत नाही. शी कशी होती सांगू? पिवळीधमक, पातळ, त्यात मोहरीएवढे पांढरट कण, वास आंबूस पण घाण नाही. अहो, अंगावर पिणाऱ्या बाळाची अशीच शी असते! आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत, त्या असतात बिफिडोबॅक्टेरिया नावाच्या चांगल्या बॅक्टेरियांसाठी. ते त्या खातात, आम्ल तयार करतात, म्हणून वास आंबूस, आणि त्या आम्लात बाकीच्या उपद्रवी मंडळींना वाढायला अवघड जातं. हे सगळं मी तिथे बाजेवर बसून, टाके ओढत असताना सांगत होते, आणि सासूबाई म्हणाल्या की बाळंतिणीने एवढं बोलू नये.

कहर पुढेच झाला. त्याच दुपारी जाऊबाई चांदीच्या वाटीत मध घेऊन आल्या, त्यात सोन्याची अंगठी उगाळलेली, पोटाला ताकद येईल म्हणून. मी वाटी हातातून काढून घेतली आणि सरळ मोरीत ओतली. घरात दोन दिवस कोणी धड बोललं नाही माझ्याशी. पण वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही. मधात बोटुलिनम नावाच्या विषारी बॅक्टेरियाचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही कारण आपल्या आतड्यात आधीच गर्दी असते, लोकलमध्ये कल्याणहून बसून आलेली माणसं ठाण्याला कोणाला सीट देत नाहीत तसं. तान्ह्या बाळाचा डबा रिकामा, बीजाणू आरामात बसतात आणि तिथेच विष तयार करतात. म्हणजे सिझरच्या बाळाचं पोट कच्चं असं ज्या म्हणत होत्या, त्याच कच्च्या पोटात मध घालायला निघाल्या होत्या! वर त्यांच्या धाकट्याला, नॉर्मलच्या, साध्या सर्दीला मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिक. त्याच्या पोटातल्या बॅक्टेरियांचं काय झालं असेल ते कोणी विचारत नाही, कारण तो नॉर्मलचा ना.

माझं स्पष्ट मत, बाळ कुठून बाहेर आलं यावर डोकं पिकवण्यापेक्षा पहिले सहा महिने त्याच्या तोंडात काय जातं ते बघा. चीक, अंगावरचं दूध, बास. पाणी नाही, गुटी नाही, मध नाही.

ड्रॉप्सचं म्हणाल तर आपल्याच ओडिशात मोठी ट्रायल झाली, २०१७ ला छापून आली, साडेचार हजारांवर बाळं. आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम या चांगल्या बॅक्टेरियाचा एक ठरावीक स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, आणि त्याचं खाद्य दिलं, तर सेप्सिस (अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग) किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. भारी आहे, पण ती बाळंही अंगावर पिणारीच होती, आणि मेडिकलमध्ये मिळते ती प्रत्येक पुडी म्हणजे तोच स्ट्रेन नाही. स्वतःच्या मनाने देऊ नका. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर अजिबातच नाही, तिथे प्रोबायोटिकमधलाच जंतू रक्तात जाऊन बाळ दगावल्यावर अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकांनी, २०२३ मध्ये इशारा दिलाय. योनीतला स्राव बाळाच्या तोंडाला पुसायचं फॅडही आहे, त्याच्याही नादी लागू नका, अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सुद्धा संशोधनाबाहेर करू नका म्हणते.

हां, दूध खरंच येत नसेल तर डब्याचं द्यावंच लागतं आणि त्यात कोणाचा अपराध नाही, मी काही डब्यावर वाढलेल्या पोरांना नावं ठेवत नाहीये.

तुमच्या शुगरचं राहिलंच. शुगरवाल्या आईचं दूध थोडं उशिरा उतरू शकतं आणि बाळाची साखर जन्मल्यावर खाली जाऊ शकते, म्हणून नर्सरीत पटकन टॉप फीड, म्हणजे वरचं दूध, देतात. माझ्या वेळी तर काही कारण नसताना, न विचारता वाटी-चमच्याने पाजून मोकळे झाले होते. साखर खरंच पडली तर वाद घालू नका, देऊ द्या. पण ३६ आठवड्यांनंतर हाताने चीक काढून सिरिंजमध्ये फ्रीज करून ठेवता येतो, तुमच्या केसमध्ये चालेल का ते डॉक्टरांना आत्ताच विचारा, आणि चालणार असेल तर आधी आईचा चीक द्यायचा असं फाइलवर त्यांच्याकडूनच लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं नाइट ड्युटीच्या सिस्टरपर्यंत पोचत नाही.