गुडघ्यातलं ‘जेल’चं इंजेक्शन : आधी विचारून घ्या, मग टोचून घ्या

प्रश्न : आईचं वय ६४, वजन ७८ किलो. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, “गुडघ्यातलं ग्रीस संपलंय, जेलचं इंजेक्शन देऊ, ऑपरेशन टळेल.” ग्रीस असं परत भरता येतं का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ‘ग्रीस संपलं’ हे ऐकायला पटकन पटतं, पण एक्स-रेत वंगण दिसतच नाही. त्यात दिसतं दोन हाडांमधलं अंतर. ते कमी झालं की कूर्चा, म्हणजे आपण जिला गादी म्हणतो ती, झिजली असा अंदाज करतात. निरोगी गुडघ्यात वंगण असतंच मुळात चमचाभराच्या आत. झिजून सुजलेल्या गुडघ्यात उलट पाणी वाढलेलं असतं, पण त्याचा कस गेलेला असतो. वंगणाला चिकटपणा देणारा पदार्थ म्हणजे हायल्युरॉनिक आम्ल. त्याच्या लांबलचक साखळ्या अशा झिजेच्या संधिवातात तुटतात आणि त्याचं प्रमाणही घटतं. निरोगी द्रवाचा थेंब सुईच्या टोकावरून सोडला तर पाकासारखी तार धरतो. दाह फार असेल तर तोच द्रव पाण्यासारखा टपकतो.

इंजेक्शनमध्ये हाच पदार्थ असतो. तो आत फार काळ टिकत नाही. साधा प्रकार काही दिवसांत निघून जातो, साखळ्या एकमेकींना जोडून दाट केलेला प्रकार काही आठवड्यांत. तरीही ज्यांना गुण येतो त्यांना तो काही महिने जाणवतो. म्हणून सांध्याच्या आतल्या अस्तराचा दाह कमी होत असावा, असं मानतात. झिजलेली गादी मात्र याने परत येत नाही.

आता गुण किती, ते बघू. २०२२ साली १६९ चाचण्या आणि २१ हजारांहून जास्त रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. त्यातल्या मोठ्या चाचण्यांत, खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत वेदनेत पडलेला फरक, रुग्ण स्वतःच दुखणं किती ते दाखवतो त्या १०० मिलिमीटरच्या पट्टीवर, जेमतेम २ मिलिमीटर होता. एवढा फरक रुग्णाला जाणवतही नाही. शेजारच्या काकू “मला फरक पडला” म्हणतात तेव्हा त्या खोटं बोलत नसतात. नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं, आणि संधिवाताचं दुखणं मुळातच चढउताराचं असतं. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणारी ब्रिटनची नाइस ही सरकारी संस्था हे इंजेक्शन देऊ नका म्हणते. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांची संघटना सरसकट वापरू नका म्हणते. संधिवातावर संशोधन करणाऱ्या ओएआरएसआय या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ साली काही अटींवर गुडघ्यापुरती मुभा ठेवली आहे.

आमचं स्पष्ट मत : तुमच्या आईने आधी तीन महिने व्यायाम आणि वजन यांना द्यावेत. एक किलो वजन घटलं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. त्यांनी ७८ वरून ७० वर यायचं ठरवलं तर हिशेब तुम्हीच करा. व्यायाम असा : उताणं झोपून एक पाय गुडघ्यात दुमडायचा, दुसरा सरळ ठेवून फूटभर उचलायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा, दोन्ही पायांनी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, हाही तितकाच उपयोगी. जोडीला डायक्लोफेनॅकचं मलम आणि शौचासाठी कमोड. एवढं करूनही दुखतंय, एक्स-रेवर झीज चारपैकी दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातली आहे, आणि मूत्रपिंडाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या कारणाने वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, अशा वेळी हे इंजेक्शन विचारात घ्यायला हरकत नाही. हाडाला हाड घासत असेल तर त्यावर पैसे घालू नका.

प्रश्न : एकाच वेळी मोठं इंजेक्शन घ्यावं की आठवड्याला एक असे तीन-चार डोस? किंमतीत खूप फरक आहे.
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : नेहमीचा डोस २ मिलिलीटरचा, आठवड्याला एक, असे तीन ते पाच. एकाच वेळी द्यायचा दाट प्रकार ३ ते ६ मिलिलीटरचा असतो. महागडा प्रकार जास्त गुणकारी ठरतोच असं नाही. एका खेपेचा फायदा एवढाच की सुई एकदाच टोचते आणि फेऱ्या वाचतात. खोक्यावर किती मिलिग्रॅम, किती मिलिलीटर, कशापासून बनवलं आणि मुदत कधीची, हे वाचा, खोकं जपून ठेवा. काही औषधं कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढतात. अंडं किंवा चिकनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा आणि जिवाणूंपासून बनवलेला प्रकार मागा.

प्रश्न : आमच्याकडे एक जण घरी येऊन इंजेक्शन देतो म्हणतात. चालेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नको. सांध्यात सुई घालणं म्हणजे दंडात इंजेक्शन देणं नव्हे. जंतू एकदा आत शिरले की काही दिवसांत कूर्चा कायमची खराब होते.

नीट पद्धत अशी. रुग्णाला झोपवून गुडघा सरळ ठेवतात. वाटीच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्याजवळ खूण करतात. त्वचा क्लोरहेक्सिडीन किंवा पोव्हिडोन आयोडीनने पुसून पूर्ण वाळू देतात. सेट्रिमाइड असलेलं जंतुनाशक इथे वापरू नये, त्याच्या संपर्काने हायल्युरॉनिक आम्लाचा साका बनतो. हे अनुभवी हातांकडूनही निसटतं.

मग आधी पाणी काढतात. गुडघ्यात २०-३० मिलिलीटर पाणी तसंच ठेवून औषध सोडलं तर ते त्यात विरून जातं. पाणी गढूळ निघालं तर औषध द्यायचंच नाही, नमुना तपासायला पाठवायचा. स्वच्छ असेल तर सुई तशीच ठेवून सिरिंज बदलतात आणि औषध सोडतात. ते सहज गेलं पाहिजे. दाब द्यावा लागला, रुग्ण कळवळला, तर सुईचं टोक सांध्यात नसून चरबीत किंवा अस्तरात आहे. तिथे रेटू नये, सुई जरा हलवावी. इंजेक्शनच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं. गुडघा जाड असेल तर सोनोग्राफीवर बघत सुई घालणं चांगलं. नंतर ४८ तास जिने, धावणं, तासापेक्षा जास्त उभं राहणं टाळा. गुण यायला चार आठवडे लागू शकतात. “उद्या नाचाल” असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : दुसऱ्या डोसनंतर दुसऱ्याच दिवशी गुडघा टम्म फुगला, हात लावू देत नव्हता. बर्फाने बसेल म्हणाले.
– एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : यात दोन शक्यता असतात आणि बाहेरून बघून त्या वेगळ्या सांगता येत नाहीत. एक, औषधाचीच तीव्र प्रतिक्रिया. ती सहसा एक ते तीन दिवसांत उठते, दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतर जास्त दिसते. दुसरी, जंतुसंसर्ग. फरक कळतो तो गुडघ्यातलं पाणी काढून पेशी मोजल्यावर, ग्राम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) केल्यावर. म्हणून ताप असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि पाणी काढण्याआधी अँटिबायोटिक सुरू करू नका, नाहीतर कल्चर फसतं. संसर्ग नसेल तर बर्फ आणि विश्रांती पुरते. पण ते औषध पुन्हा घेऊ नका.

प्रश्न : मला मधुमेह आहे. स्टिरॉइडचं इंजेक्शन स्वस्त पडतं. ते घेऊ का? पुढेमागे गुडघा बदलायचा आहेच.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : गुडघा एकदम सुजला-दुखला तर स्टिरॉइडने लवकर आराम पडतो, पण तो काही आठवड्यांचाच. साखर दोन ते पाच दिवस चढते, त्या दिवसांत ती रोज मोजा आणि औषधाचं आधीच विचारून ठेवा. दर १२ आठवड्यांनी असं दोन वर्षं घेतलं तर कूर्चा जास्त झिजते आणि दुखण्यात मिठाच्या पाण्यापेक्षा फायदा होत नाही, हे २०१७ च्या एका चाचणीत दिसलं आहे. गुडघा बदलायची तारीख ठरली असेल तर त्याआधीचे तीन महिने स्टिरॉइड किंवा जेल, कुठलंच इंजेक्शन त्या गुडघ्यात घेऊ नका. नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होण्याची भीती वाढते. आधी घेतलेलं असेल तर त्याची तारीख शल्यचिकित्सकांना सांगा.