व्याज हराम असेल, तर इस्लामी बँकेचा नफा व्याजच नाही का?

तुम्ही विचारलंय की बँक दहा लाखांची गाडी घेऊन ग्राहकाला साडेअकरा लाखांना हप्त्यांवर देते, तर हे व्याजापेक्षा वेगळं कसं. हाच आक्षेप कुराणातही नोंदलेला आहे. सूरह बकराच्या 275व्या आयतीत लोक म्हणतात, व्यापारही व्याजासारखाच की! त्यावर उत्तर येतं : अल्लाहने व्यापार हलाल केला आणि रिबा, म्हणजे व्याज, हराम.

फरक आहे जोखमीचा. सावकार उसन्या पैशावर ठरलेली वाढ मागतो. घेणारा बुडाला तरी त्याची मागणी कायम. व्यापारी माल आधी स्वतःचा करतो, तो खराब झाला तर भुर्दंड त्याला. म्हणून मुराबहा, म्हणजे नफा सांगून केलेल्या विक्रीच्या, व्यवहारात बँकेने गाडी खरोखर विकत घ्यायची, आपला नफा उघड सांगायचा आणि मग विकायची. एकदा ठरलेली किंमत हप्ता थकला म्हणून वाढत नाही. उशिराबद्दल रक्कम घेतलीच, तर ती दानधर्माला जाते.

प्रत्यक्षात मात्र बँकेची मालकी अनेकदा कागदावर क्षणभरच असते आणि नफ्याचा दर बाजारातले व्याजदर बघून ठरतो. ही टीका मला पूर्णपणे पटते.

माझ्या मते या विचाराचा गाभा मुदारबा या भागीदारीत आहे. भांडवल एकाचं, मेहनत दुसऱ्याची. आपल्याकडे बटईने शेत करतात, तसं नफ्याचे वाटे आधी ठरतात, रक्कम नाही. तोटा झाला तर पैसा भांडवलवाल्याचा जातो, कष्ट करणाऱ्याचे कष्ट. इजिप्तमधल्या मित घम्र गावात अहमद अल-नज्जार यांनी 1963 साली बिनव्याजी बचत बँक काढली. गावकऱ्यांची छोटी बचत आणि स्थानिक धंद्यांत नफ्यातली भागीदारी, असं तिचं काम. काही वर्षांतच ती बंद झाली, पण दुबई इस्लामिक बँक 1975 साली उभी राहिली ती याच वाटेवर.

जकात, म्हणजे मुसलमानावर बंधनकारक असलेलं दान, तीही इथेच जोडून पाहा. बचत निसाबाइतकी, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेइतकी, किंवा जास्त असून वर्षभर राहिली की त्या सगळ्या बचतीचे अडीच टक्के द्यायचे. पैसा नुसता पडून राहिला तर दरवर्षी घटतो, त्यामुळे तो धंद्यात घालावासा वाटतो.

भारतात इस्लामी बँकिंग सेवा सुरू न करण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतल्याचं 2017 मध्ये समोर आलं. त्यामुळे इथले अनेक मुसलमान साध्या बँकेतच खातं ठेवतात आणि जमा झालेलं व्याज सवाबची, म्हणजे पुण्याची, अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकतात.